कॉम्प्युटर आणखी स्लो कसा करावा

गेल्या महिन्यात जीएसटी रिटर्नच्या तोंडावर चाटी गल्लीतल्या एका टॉवेलच्या पेढीवर हिशेब लिहायला गेलेला मी कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत बसलो होतो. पेढीचे मालक निवांत अडकित्ता चालवत म्हणाले, "दम धरा की जरा, चालू व्हायलंय. जुनं झालंय ना ते." हेच वाक्य मी नव्या पेठेत ऐकलंय, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ऐकलंय, जुळे सोलापुरातल्या सोसायटीच्या ऑफिसातही ऐकलंय. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर दुःख कधीच नसतं. नळाचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या सोलापूरकराला वाट बघायचं काय मोठंसं? तेव्हा ज्यांचा कॉम्प्युटर अजून दुर्दैवाने बरा चालतोय, त्यांनी तरी मागे का राहावं? त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

सुरुवात सोपी आहे. कुठलंही सॉफ्टवेअर टाकताना वाचायचं नाही. नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, नेक्स्ट, फिनिश. मधल्या एका पडद्यावर बारीक अक्षरांत दोन-तीन चौकटी असतात आणि त्यांत आधीच बरोबरची खूण केलेली असते. विंडोजबरोबर आपोआप सुरू व्हा. ही टूलबारही घ्या. हा अँटिव्हायरसही महिनाभर फुकट वापरून बघा. कंपनीने एवढ्या मायेने खुणा करून ठेवल्यात, त्या पुसणारे आपण कोण?

याचं फळ रोज सकाळी मिळतं. खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, वर तोंड केलेला एक बारका बाण असतो. त्यावर क्लिक केलं की पासवर्ड टाकल्या टाकल्या कोण कोण उठून बसलंय ते दिसतं. मालकांच्या कॉम्प्युटरवर प्रिंटरचं एक सॉफ्टवेअर होतं. तो प्रिंटर कधीच भंगारात गेलाय, पण सॉफ्टवेअर इमानाने रोज सांगतं की प्रिंटर सापडत नाही, तेवढी तार तपासा. त्याच्या शेजारी एका मोबाइलचं, फोटो उतरवायला टाकलेलं. तो मोबाइल विहिरीत पडला. त्यापुढे नातवाच्या गेमचं. नातू पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, गेम मात्र इथे बसून स्वतःला अपडेट करते आहे. मग व्हिडिओ मीटिंगचं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाच्याचं लग्न बघायला टाकलेलं. त्या भाच्याचं पोरगं आता बालवाडीत जातंय. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे एक 'पीसी बूस्टर'. कॉम्प्युटरचा वेग वाढवणं हे याचं काम. तो सगळ्यांत उशिरा उघडत होता, आणि उघडल्यावर शेकडो चुका सापडल्याचं लाल अक्षरांत सांगून दुरुस्तीचे पैसे मागत होता. असल्या रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची वही, साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलंय. पण ते कोण वाचतो? आपण नेक्स्ट.

ही सगळी मंडळी एकाच वेळी एकाच हार्ड डिस्ककडे धाव घेतात. आत मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावर इकडून तिकडे सरकणारा एक दांडा. दर वेळी दांडा हलवून नेमकी जागा गाठायला सेकंदाचा शंभरावा भाग तरी जातो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण अशा हजारो जागा गाठायच्या असतात, आणि त्यांत मालकांच्या कामाची एकही नसते. कान देऊन ऐका, कॅबिनेटमधून करकर ऐकू येते. ती चालू असेपर्यंत एक्सेलवर पुन्हा पुन्हा डबल क्लिक करत राहा. म्हणजे अखेर उघडेल तेव्हा पाच-सहा एक्सेल एकदम उघडतील.

अँटिव्हायरस दोन ठेवा. विंडोज १० मध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो आणि तो फुकट असतो, पण फुकटावर कुणी विश्वास ठेवायचा? वरून आणखी दोन टाका. उघडलेली प्रत्येक फाइल आधी एक तपासेल, मग दुसरा तपासेल, मग दोघे एकमेकांना तपासतील.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश मारत राहा. याने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा एकदा रंगवली जातात, बाकी तसूभर काही होत नाही. रॅम मोकळी होते म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, म्हणजे लागाच.

विंडोजचं बटण आणि आर दाबून 'रन' उघडा, त्यात 'प्रीफेच' लिहा आणि आतलं सगळं उडवा. ही विद्या आपल्याकडे गुरुपरंपरेने चालत आलेली आहे. कुठला प्रोग्रॅम उघडताना कुठल्या फाइली लागतात याची टिपणं विंडोज तिथे ठेवतं, पुढच्या वेळी तो लवकर उघडावा म्हणून. ती पुसली की पुढच्या वेळी उशीर ठरलेला.

सी ड्राइव्हची पट्टी लाल होईपर्यंत भरत राहा.

रीस्टार्ट करू नका, शट डाउनच करा. विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे पुरतं बंद होणं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत काढतं. कालचा गोंधळ आज तसाच हवा असेल तर हाच मार्ग.

आता आपल्या गावाचं वैशिष्ट्य. कॅबिनेटवर चादर घाला. सोलापूरचीच असावी, जीआय म्हणजे अस्सल इथलीच असल्याची सरकारी ओळख मिळालेली. धूळ बसू नये म्हणून कॉम्प्युटर चालू असतानाही ती काढायची नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की आतल्या हवेला बाहेर पडायची वाटच राहत नाही. मालकांच्या कॅबिनेटचं झाकण मी उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात, त्या दिसतच नव्हत्या. टॉवेलची बारीक पांढरी लव, वर्षानुवर्षांची, धुळीबरोबर बसून घट्ट झालेली. नखाने एक कड उचलली तर पंख्याच्या आकाराचा अख्खा गोल तुकडा हातात आला. पंखा फिरत होता, पण वारा जाणार कुठून? फार तापलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणजे तो बिचारा शहाणपणाने वागत होता, आणि पेढीवर त्याला म्हातारा ठरवून सगळे मोकळे झाले होते.

आणि आता रामबाण. फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं.

कॉम्प्युटरच्या दुकानातलं पोरगं येतं, खुर्चीत बसतं, माउस दोनदा हलवतं आणि म्हणतं, "फॉरमॅट मारावं लागतंय मालक." आवाज येत नाही? फॉरमॅट. प्रिंट निघत नाही? फॉरमॅट. आपोआप सुरू होणाऱ्यांची, म्हणजे स्टार्टअपची यादी उघडून बघ म्हटलं तर बघणार नाही, कारण पाच मिनिटांच्या कामाचे पाचशे रुपये मागता येत नाहीत, फॉरमॅटचे मागता येतात. डेटाचं काय, असं विचारलं तर उत्तर तयार असतं, "डी ड्राइव्हला हात लावत नाही, टेन्शन घेऊ नका." मालक टेन्शन घेत नाहीत. पण डी ड्राइव्हमध्ये असतं काय? जुनी गाणी आणि नातवाची गेम. माणूस ज्या डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये, डाउनलोड्समध्ये सगळं ठेवतो ते असतं सी ड्राइव्हमध्ये, यूजर्सच्या फोल्डरात. कुणी मुद्दाम हलवलं नसेल तर तिथेच असतं. पोटापाण्यासाठी हेच काम करणाऱ्याला हे माहीत नसावं? माहीत नसेल तर दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये, आणि माहीत असेल तर ही सरळसरळ हरामखोरी आहे.

या पेढीवर तेच झालं. मी वाट बघून निघून गेलो, संध्याकाळी मालकांनी दुकानातून माणूस बोलावला. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर डेस्कटॉपवर एकटा रीसायकल बिन. 'चालू वर्ष' नावाचं फोल्डर होतं, त्यात खरेदीची बिलं, पार्ट्यांची खाती, मागची सगळी पत्रकं. गेलं. मुलीच्या साखरपुड्याचे फोटो, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर घेतलेल्या धाकट्या भावाचे फोटो, तेही गेले. बिलांच्या फाइली माळ्यावरून काढून एकेक आकडा पुन्हा भरावा लागला. रिटर्नची २० तारीख हुकली. उशिराचे दिवसाला ५० रुपये आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, ते काय ते दुकान भरणार आहे? फोन केला तर समोरून उलटा प्रश्न, "पण फास्ट झालंय की नाही आता?" झालंय ना! आत काही ठेवलंच नाही, फास्ट होणार नाही तर काय होईल?

आणि ते फास्टही टिकत नाही. ज्या पेन ड्राइव्हमधून विंडोज टाकलं त्यातूनच त्या पोराने जाता जाता चोरीचं एमएस ऑफिस टाकलेलं असतं. ते चालावं म्हणून एक 'अ‍ॅक्टिव्हेटर' असतो, आणि तो आत यायच्या आधी डिफेंडर बंद करायला सांगतो. घरफोड्याने दारातून हाक मारून कुत्रं बांधून ठेवा म्हणावं आणि आपण उठून बांधावं, त्यातली गत. मग महिन्याभरात कॉम्प्युटर पुन्हा कुथायला लागतो. पुन्हा फोन, पुन्हा पोरगं, पुन्हा फॉरमॅट.

विंडोजचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारी सुरक्षेची अपडेट्स, संपल्याची चिंता मात्र अजिबात करू नका. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला, ऐन गड्ड्याच्या दिवसांत, आणि या शहरात ते अजून चाललंय. विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि बहुतेक जुने प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत, म्हणून तुम्हाला लगेच नवा कॉम्प्युटर विकायला लोक टपलेलेच आहेत. घेऊन टाका. नेक्स्ट, नेक्स्ट करत तोही वर्षात असाच करता येतो.

बास झालं. आता सरळ सांगतो, राग आला तरी चालेल.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. छोटाच उघडला तर 'मोर डिटेल्स' दाबा. वर किंवा डावीकडे 'स्टार्टअप' लिहिलेलं असतं, त्यावर जा. विंडोज ७ असेल तर रनमध्ये 'एमएसकॉन्फिग' (msconfig) लिहा, तिथे हीच यादी आहे. टास्क मॅनेजरमध्ये शेजारच्या रकान्यात कोण किती भार टाकतंय तेही विंडोजने लिहून दिलंय, हाय, मीडियम, लो. प्रिंटर भंगारात गेलाय ना? राइट क्लिक, डिसेबल. मोबाइल विहिरीत पडलाय ना? डिसेबल. याने काही पुसलं जात नाही, फक्त ते आपोआप उठायचं थांबतं, हवं तेव्हा तुम्ही उघडू शकता. आवाज, टचपॅड, विंडोज सिक्युरिटी यांना हात लावू नका. नाव ओळखीचं नसेल तर नेटवर शोधा आणि मगच ठरवा. जे कधीच लागत नाही ते कंट्रोल पॅनेलमधून पुरतं काढा, बूस्टर पहिला काढा. झाकण उघडून धूळ झाडा, कॉम्प्युटर बंद करून आणि वायर काढून, पंखा बोटाने धरून. आणि रोजच्या वापराची ती फिरणारी हार्ड डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, बसवा. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, जुनी डिस्क शंभर-दीडशे. पण खरा फरक त्या दांड्याचा आहे, तो इथे नसतोच. दहा वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरलाही ती बसते. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. नव्या मशीनच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. तुम्ही तो करत नाही आणि मग दर दोन महिन्यांनी फॉरमॅटचे पाचशे मोजता, हा कुठला हिशेब?

फॉरमॅटची खरंच वेळ आली तर आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, ती उघडून बघा, मग त्या पोराला खुर्चीत बसू द्या. तो म्हणेल मी घेतो बॅकअप. त्याला घेऊ देऊ नका. हिशेब तुमचा आहे, दंड तुम्हाला बसतो, फोटो तुमच्या घरचे आहेत. लाखाचा माल पारखून घेणारी माणसं तुम्ही. सुतात एक धागा कमी असेल तर गठ्ठा परत पाठवता. आणि पडद्यावरच्या दोन ओळी वाचायचा कंटाळा करता? वाचता येत नाही असं तर नाही ना?

आणि "हे तुम्हीच एकदा येऊन करून द्या की" असं मला म्हणू नका. मी हिशेब लिहायचे पैसे घेतो. स्टार्टअपची यादी तुमची तुम्ही उघडा, आज रात्री दुकान बंद करायच्या आधी.