सोळा नंबरची दाढ

डेंटल कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी मेणाच्या ठोकळ्यातून कोरलेली दाढ उकडीच्या मोदकासारखी दिसायची. पण मॅम ती उलटीसुलटी करून 'बरं आहे' म्हणायच्या आणि जर्नलवर सही व्हायची. दुपारचे चार वाजून गेले असले तर हमखास. दुसऱ्या वर्षी कॉलेजात दात कोरायच्या सरावाचं नवं यंत्र आलं, फँटमसकट. त्याला चार वाजत नाहीत.

फँटम म्हणजे धड नसलेलं, रबरी गालांचं डोकं. त्याच्या जबड्यापाशी एक खूणपट्टी, एअरोटरच्या, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलच्या, शेपटीला दुसरी. समोरचा इन्फ्रारेड कॅमेरा सासूसारखा दोन्हींवर डोळा ठेवून असतो. त्यावरून बरचं (ड्रिलमधल्या कोरणीचं) टोक दातात कुठे, किती खोल, किती तिरकं गेलंय ते स्क्रीनवर उमटतं, तेही मिलिमीटरच्या दशांशात. बर मिनिटाला तीन-साडेतीन लाख फेरे घेतो. सबमिशनसाठी मी स्टाफरूमला घातलेले फेरे मात्र कुठल्याच स्क्रीनवर येत नाहीत.

पहिल्याच दिवशी १६ नंबर, म्हणजे वरची उजवी पहिली दाढ. ती आरशात बघून कोरायची. आरशात पुढचं मागे होतं. मेंदू म्हणतो मागे जा, आरसा म्हणतो पुढे, आणि हात बिचारा घरजावयासारखा जागच्या जागी. तेवढ्यात टूं टूं! सिग्नल गेला. मी जबड्यात इतकं डोकं घातलं होतं की कॅमेऱ्याला फक्त माझी वेणी दिसत होती. (पाठ ताठ ठेवा, असं मॅम वर्षभर सांगत होत्या. मला वाटायचं, माझ्या पाठीची काळजी.)

खड्ड्याची खोली हवी होती दीड ते दोन मिलिमीटर. मी ३.४ पर्यंत पोचले. स्क्रीन लालभडक. फँटम मुकाट, म्हणून बरं. मी दंतवैद्यकातल्या जुन्या गुरूंचा, ब्लॅक यांचा आधार घेतला; पुढे कीड लागू नये म्हणून खड्डा जरा ऐसपैसच कोरावा, असं त्यांचं म्हणणं.

"मॅम, ब्लॅकनीच म्हटलंय ना, एक्स्टेन्शन फॉर प्रिव्हेन्शन?"

"ब्लॅक १९१५ साली गेले. त्यांना यात ओढू नकोस."

त्याहून वाईट तो रीप्ले. हात कुठे कुठे हिंडला त्याची रेघ सगळ्या बॅचसमोर. शेजारणीची रेघ समृद्धी महामार्ग, माझी वरंधा घाट. वर शेरा : फिंगर रेस्ट नाही. अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली हवी. माझी हवेत, कुणाकडे बघायला गेल्यावर चहाचा कप धरावा तशी.

मग महिनाभर रोज संध्याकाळी मी आणि ते डोकं. घरी ताटलीच्या कडेला अनामिका टेकवून डाळिंब सोललं, बसमध्ये ताठ बसले. गाडी कशीबशी ६२ गुणांवर आली.

गणपतीला घरी गेले. आईनं उकडीची पारी हातात ठेवली. मी पाठ ताठ केली, अनामिका टेकवली, खोलीचा अंदाज घेतला आणि एकेक कळी काढायला लागले. तिसऱ्या कळीपाशी आईचा धीर सुटला.

"अगं, भूल देतेयस का त्याला? मोदकपात्रातलं पाणी आटलं!"

मोदक झाला, पण वरून बघितलं तर हुबेहूब सोळा नंबर.