'माणूस आधी डोळ्यांनी जेवतो': फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या, महिला मंडळांच्या आणि घरगुती डबे करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: माणूस आधी डोळ्यांनी जेवतो. चवीत ८० टक्के वाटा दिसण्याचा असतो, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. पदार्थ दिसायला साधा असेल तर कुणी हात लावत नाही, वास वगैरे नंतरच्या गोष्टी. म्हणून फोटो, रंग आणि पॅकिंगवर खर्च करा.

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. फराळाच्या ऑर्डरी घेऊन किंवा रोजचे चार डबे देऊन घराला हातभार लावणाऱ्या बायका हा सल्ला मनावर घेतात. चांगल्या तुपाचे पैसे वाचवून ते सोनेरी छापाच्या डब्यांवर घालतात. म्हणून मेसेजमधली एकेक गोष्ट तपासू.

पहिली गोष्ट ८० टक्क्यांची. असा आकडा सिद्ध झालेला नाही. गंमत म्हणजे हाच आकडा वासाच्या बाजूनेही फिरतो, 'चव म्हणजे ८० टक्के वास' असा, आणि त्यालाही भक्कम आधार नाही. दोन्ही सोडून द्यावेत. पक्कं माहीत आहे ते एवढं: जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम, टोमॅटोत लागते तशी रुचकर चव) एवढ्याच मूळ चवी कळतात. वेलची, जिरं, केशर, हापूस यांची ओळख नाकातून होते. आपण चावतो तेव्हा घशाच्या मागच्या वाटेने वास वर नाकात जातो आणि आपल्याला वाटतं की जिभेनेच ओळखलं. माणसाच्या नाकात वास ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे वासाचे कण टिपणारी प्रथिनं) आहेत. या ग्राहकांच्या शोधासाठी रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. नाक चिमटीत धरून श्रीखंड खाऊन बघा. गोड-आंबट कळेल, वेलची कळणार नाही. कोविडमध्ये ज्यांचा वास गेला होता, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ताट तेच होतं, डोळे शाबूत होते, आणि तरी जेवावंसं वाटत नव्हतं.

मेसेजमध्ये पुढे एका 'फ्रेंच प्रयोगा'चा दाखला दिलाय. प्रयोग खरा आहे, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला, बोर्दोमधला. पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळला आणि वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना तिच्या वासाचं वर्णन करायला सांगितलं. त्यांनी लाल वाइनला लावतात ती विशेषणं लावली. यातून रंग नाकाची दिशाभूल करू शकतो हे नक्की दिसतं, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पण कुठली वाइन प्यावीशी वाटली, कशाने तोंडाला पाणी सुटलं, हा त्या प्रयोगाचा विषयच नव्हता. समोरच्या गोष्टीला काय म्हणावं हे डोळ्यांनी ठरवलं. ती खावीशी वाटणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकत्र केलेत.

आता मुख्य दावा: गिऱ्हाईक दिसण्यावरच थांबतं.

संध्याकाळी सहा-साडेसहाला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, वड्याच्या कुठल्याही गाडीपाशी पाच मिनिटं उभं राहा. ताटात आधीच्या घाण्याचे वडे रचलेले असतात. गोल, तांबूस, दिसायला काहीही खोट नाही. तरी माणसं पैसे हातात धरून उभी असतात आणि म्हणतात, "नवा घाणा निघू दे, मग द्या." बेसनात बुडवलेला गोळा तेलात पडतो, आतल्या लसूण-मिरची-कढीपत्त्याचा वास सुटतो, आणि जिन्यावरून उतरणारी माणसं गाडी दिसायच्या आत मान वळवतात. मधे रिक्षांची रांग असते, गर्दी असते. डोळ्यांना तिथे वाट नसते, वासाला असते.

कारण सरळ आहे. गरम पदार्थातून वासाचे कण जास्त उडतात, थंड झाला की कमी. दिसण्यात मात्र दहा मिनिटांपूर्वीचा वडा आणि आत्ताचा वडा यांत फारसा फरक नसतो. डोळ्यांवर सगळं असतं तर ताटातले वडे आधी संपले असते.

तांबूस रंग पाहून मन ओढलं जातं, हेही खरं आहे, पण ती ओढ आली कुठून? तळताना-भाजताना पिठातली प्रथिनं आणि साखर यांच्यात जी प्रक्रिया होते, तिचं वर्णन लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. तांबूस रंग आणि खमंग वास दोन्ही तिच्यातूनच एकत्र येतात. लहानपणापासून ते आपल्याला जोडीनेच भेटत आलेत, म्हणून नुसता रंग पाहूनही खमंगपणा आठवतो. माझ्या मते डोळ्यांची ही ओढ बरीचशी नाकाकडून उसनी घेतलेली आहे. पिठलं, अळूचं फदफदं, काळ्या वाटाण्याची आमटी यांचे फोटो अनोळखी माणसाला दाखवून बघा, तो न थांबता निघून जाईल. फोडणी पडताना त्याला स्वयंपाकघराच्या दारात उभा करा, मग विचारा.

वास सगळ्यांना सारखाच भुलवतो असं मात्र नाही. सुके बोंबील भाजले की चेंदणी कोळीवाड्यातल्या घरात भूक लागते आणि एखाद्या टॉवरमध्ये शेजारी तक्रार करतात. दोन्हीकडे काम वासानेच केलेलं असतं. सुक्या बोंबलाच्या दिसण्यावरून सोसायटीत वाद झालेला मी ऐकलेला नाही.

'चांगला रंग म्हणजे चांगला माल' हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. एप्रिल-मे महिन्यात वाशीच्या एपीएमसी फळबाजारात जा. जाणती माणसं पेटी उघडली की पेंढ्यातून आंबा उचलतात, देठापाशी नाक नेतात आणि मग भाव विचारतात. कारण रंग फसवतो. फळं झटपट पिकवायच्या कॅल्शियम कार्बाइड या रसायनावर बंदी असूनही ते वापरलं जातं. त्याने साल पिवळीधमक होते, पण आतून फळ पिकलेलं नसतं, वास येत नाही आणि कापल्यावर फोड आंबट लागते. नियमाप्रमाणे पिकवायला इथिलीन वायू चालतो, तोही १०० पीपीएमपर्यंतच (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग). उलट नीट पिकलेला हापूस कधीकधी देठाशी हिरवट असतो, सालीवर डाग असतात, आणि खोलीत शिरताच कळतं की घरात आंबा आहे.

रंगाच्या नादाने काय होतं ते २०२४ मध्ये दिसलं. कर्नाटकात गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला आणि 'बुढ्ढी के बाल'मध्ये रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग वापरायला सरकारला बंदी घालावी लागली. ग्राहकाला रंग हवा, या समजुतीपोटीच तो घातला जातो. घरगुती फराळ करणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

लहान मुलांना नवा पदार्थ द्यायचा तर तो सजवा, असंही म्हटलंय. यात तथ्य आहे. अनोळखी किंवा हिरवं काही दिसलं की मुलं न चाखताच ताट सरकवतात. नकार बहुतेक वेळा डोळ्यांतून येतो, आणि मोठ्यांचंही तसंच. बुरशीचा ठिपका दिसला की वास कितीही चांगला असो, हात मागे येतो. म्हणजे दिसण्याने शंका जाते किंवा येते. ओढ मात्र त्याच्याही आधी लागलेली असू शकते. फ्रान्समधल्या आल्सासमध्ये काही गरोदर बायकांच्या खाण्यात शेवटच्या आठवड्यांत बडीशेपेसारख्या वासाचा अनिस होता. त्यांची बाळं जन्मल्यावर लगेच त्या वासाकडे तोंड वळवत होती. हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बाळांनी अजून धड काही पाहिलंही नव्हतं.

राहता राहिला मोबाइल. ॲपवर वास येत नाही, तिथे फोटोच बोलतो, हे शंभर टक्के बरोबर. पहिली ऑर्डर फोटोमुळे येऊ शकते. फोटो स्वच्छ उजेडात, पदार्थ आहे तसा काढावा, त्याला खर्च येत नाही. पण दुसरी ऑर्डर येते ती डबा उघडल्यावर जे नाकाला कळतं त्यावरून. बेसनलाडवाचं बेसन मंद आचेवर पुरतं भाजलं होतं की घाईत उतरवलं, तूप कसलं होतं, चिवड्याचे शेंगदाणे जुने होते का, हे झाकण काढताच समजतं. खवट वासाला सोनेरी डबा झाकू शकत नाही.

आणि ज्या प्रदर्शनात स्टॉल लावतात त्यांना एक सांगते. सगळं घरून बांधून आणून नुसतं मांडू नका. आयोजक परवानगी देत असतील तर शेगडी न्या आणि एखादा पदार्थ तिथेच करा, थालीपीठ किंवा घावन. मात्र सतत धूर करत बसू नका. २०१९ च्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की कुकीसारख्या पदार्थाचा वास दोन मिनिटांहून जास्त वेळ येत राहिला तर तसे पदार्थ घेण्याकडे लोकांचा कल कमी होतो. आधीच्या थालीपिठाला गिऱ्हाईक मिळालं की पुढचं टाका, आणि तवा तापलेला ठेवा.