उरलेली २१२ पावले

परवा रात्री साडेअकराच्या सुमारास मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबांना प्रदक्षिणा घालत होतो. हिंजवडीहून सहकारनगरला पोचायला दीड तास, त्यानंतर अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, आणि ऑफिसच्या आरोग्य-गटात सलग एक्केचाळीस दिवस राखलेला दहा हजार पावलांचा विक्रम. अशा माणसाला त्या वेळी दुसरी जागा उरत नाही. आकडा ९,७८८ वर आला आणि तोंडावर बॅटरीचा झोत पडला. झोतामागे ए विंगमधले निवृत्त काका माकडटोपी घालून उभे होते.

"कोण?"

"बी विंग, ४०४."

"मग वर का जात नाही?"

"पावले पूर्ण करतो आहे."

"कोणाची?"

माझीच, असे सांगून मी मोबाइल पुढे केला. काकांनी तो हातभर लांब धरून वाचला.

"राहिलेली २१२ भरली नाहीत तर पगार कापतात?"

"नाही."

"भरली तर वाढवतात?"

"नाही."

"घरात भांडण झाले असेल तर मोकळेपणाने सांगा. रात्री इथे फिरणारे तुम्ही पहिले नाही."

ते पहिले कोण, हे विचारण्याचा मोह मी आवरला, हीच माझी चूक झाली; कारण गप्प बसलेला माणूस म्हणजे श्रोता, असे समजून काकांनी खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षे सायकलने कसे गेलो, हे पंक्चरांसकट सांगायला घेतले. मी हळूच जागच्या जागी पाय हलवू लागलो, तर त्यांनी माझे कोपर धरले आणि म्हणाले, "बोलताना माणसाने स्थिर राहावे." बारा वाजून गेले तेव्हा कथा संगम पुलावर होती.

सकाळी गटाच्या संचालिकेने माझ्या नावापुढे कोमेजलेले गुलाब टाकून लिहिले, "स्वतःसाठी वेळ काढा." याच बाईंनी काम आणि आयुष्य यांच्या समतोलावरचे व्याख्यान गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ठेवले होते, आणि कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती असल्यामुळे आम्ही चाळीस जण एकमेकांची उपाशी तोंडे पाहत बसलो होतो. रात्रीचे कॉल कमी करावेत, असे मात्र त्या गटात कोणी लिहीत नाही. त्यापेक्षा माझी पावले वाढवणे स्वस्त पडत असावे.

रागाच्या भरात शोधले, तेव्हा कळले की दहा हजार हा आकडा कोणा वैद्याने काढलेला नसून १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आलेला आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर साडेसात हजारांच्या आसपास गेल्यावर मृत्यूचा धोका आणखी कमी होताना दिसला नाही. ही पाहणी सरासरी ७२ वर्षे वयाच्या स्त्रियांची होती, एवढा तपशील गाळून मी ती गटात टाकली. तिला एक अंगठा आला, तोही माझ्याच खालच्या हुद्द्यावरच्या मुलाचा.

काल सोसायटीच्या फळ्यावर काकांच्या अक्षरात सूचना लागली : "पार्किंग हे वाहनांसाठी आहे. रात्री उरलेली पाऊले आपापल्या घरात पूर्ण करावीत." 'पाऊले' नव्हे, 'पावले'. लाल पेन घेऊन मी चार मजले उतरलो, दुरुस्ती केली, चार मजले चढलो, आणि दार उघडल्यावर पाहिले, तर मोबाइल जेवणाच्या टेबलावरच राहिला होता.