‘डायपर नको, पाणी कमी प्या’ : या मेसेजला उत्तर

‘मोठ्यांनी डायपर का टाळावा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपांवर फिरतो आहे. लघवीवर ताबा न राहणाऱ्या माणसांना त्यात सहा गोष्टी सांगितल्या आहेत. डायपर ही अंथरुणाला खिळलेल्यांची वस्तू आहे. एकदा लावला की मूत्राशय आळशी होतं आणि तो सुटत नाही. लघवी सुटणं हा वयाचा भाग आहे, त्यावर उपाय नाही. बाहेर जायचं असेल तर सकाळपासून पाणी बंद ठेवा. दुकानात जाऊन चारचौघांत डायपर मागणं शोभत नाही, त्याऐवजी जुन्या कापडाची घडी किंवा मासिक पाळीचा पॅड वापरा. आणि शेवटी, डायपरचा वास येतो, तो कपड्यांतून दिसतो.

माझ्या मावशीने हे वाचलं आणि घराबाहेर पडायच्या दिवशी पाणी पिणं सोडलं. खोकला आला की तिला थोडी लघवी होते, एवढाच तिचा त्रास. एकदा ती उभ्या उभ्या चक्कर येऊन खाली बसली तेव्हा आम्हाला हे कळलं. हा मेसेज ज्यांनी पाठवला ती सगळी तिच्या मायेची माणसं आहेत. माझा राग त्यांच्यावर नाही, पण यातलं एकेक वाक्य न तपासता पुढे ढकललं गेलं याचा मला राग आहेच.

सुरुवात पाण्यापासूनच करते, कारण यातला सगळ्यात घातक सल्ला तोच आहे. पाणी कमी प्यायलं की लघवी कमी होते, म्हणजे त्रासही कमी होईल, असा हिशोब लोक मांडतात. शरीरात घडतं ते वेगळंच. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि दाट लघवी मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चुरचुरते. मूत्राशय पुरतं भरायच्या आतच घाईची कळ येऊ लागते. म्हणजे ज्या धावपळीला घाबरून पाणी सोडलं, तीच धावपळ वाढते. शिवाय शौचाला खडा होतो, आणि भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयावर दाब आणतं. लघवीच्या जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, आणि असा संसर्ग झाला की चांगला ताबा असलेल्या माणसाचीही लघवी सुटू शकते. वय वाढलं की तहानेची जाणीव मुळातच मंदावते. अशा माणसाने ठरवून पाणी सोडलं तर उठताना रक्तदाब खाली जाणं, तोल जाणं, पडणं, बोलण्यात गोंधळ होणं हे सगळं मागोमाग येतं. कपडे ओले होऊ नयेत म्हणून खुब्याचं हाड मोडून घेण्याची वाट कुणी आरोग्याचा सल्ला म्हणून दाखवत असेल, तर त्याला ठामपणे अडवलं पाहिजे.

यात एक अर्धं खरं आहे, ते मान्य करते. रात्री वारंवार उठावं लागत असेल तर झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत पिणं कमी करून फायदा होतो. चहा-कॉफीने ज्यांना घाई जास्त होते त्यांनी ते कमी करून बघावं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर ते पाळायचंच. पण दिवसभराचं पाणी तोडायचं, असा अर्थ यातून कुठेही निघत नाही.

‘मूत्राशय आळशी होतं’ हे वाक्य ऐकायला शास्त्रीय वाटतं म्हणून फार पसरलं आहे. लघवी धरून ठेवण्याचं काम मेंदू, मज्जारज्जू, मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू मिळून करतात. शरीराबाहेर लावलेला शोषक थर यातल्या कशालाच हात लावत नाही. सवय बिघडते ती वेगळ्या कारणाने. ज्याला हात धरून शौचालयापर्यंत नेता येईल अशा माणसाला ‘डायपर आहे ना, त्यातच होऊ दे’ असं सांगितलं जातं. मग उठणं थांबतं, चालणं घटतं, आणि लघवी लागल्याचं सांगणंही थांबतं. तो दोष काळजी घेण्यातल्या आळसाचा आहे. डायपर लावलेला असला तरी ठरावीक वेळाने शौचालयात न्यायलाच हवं.

उलट ज्या सवयीने मूत्राशय खरोखर बिघडतं ती लाजेतून येते. बाहेर निघण्याआधी एकदा, पोचल्यावर एकदा, दिसेल त्या शौचालयात एकदा, असं ‘असू दे, जाऊन येते’ म्हणत राहिलं की मूत्राशयाला थोड्याशा लघवीलाच कळ द्यायची सवय लागते. त्यावर ठरवून दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवत नेण्याचा सराव असतो. तो करताना कपडे भिजण्याची धास्ती नसावी म्हणून एखादा पॅड लावलेला बरा. आळस आणणारी म्हणून जी वस्तू बदनाम केली, तिचीच इथे सरावाला मदत होते.

‘वयाचा भाग, उपाय नाही.’ याला उत्तर द्यायला एकच आधार पुरेसा आहे. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा 2018 चा आढावा बघा. 31 चाचण्या, 14 देश, 1,817 स्त्रिया. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम (लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळायचे आणि सोडायचे) केले, त्यांच्यातल्या 100 पैकी सुमारे 56 जणींनी त्रास गेल्याचं सांगितलं. ज्यांनी केले नाहीत त्यांच्यात हे प्रमाण 100 पैकी 6 होतं. आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने हे व्यायाम 1948 मध्ये मांडले. म्हणजे पाऊणशे वर्षं हाताशी असलेला उपाय ‘नाही’ म्हणून सांगितला जातो आहे. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या स्त्रियांसाठीच्या 2019 च्या मार्गदर्शिकेत तो किमान तीन महिने, जाणकाराच्या देखरेखीखाली, दिवसातून तीनदा आणि दर वेळी निदान आठ आकुंचनं असा करायला सांगितला आहे. लघवी करता करता धार थांबवून हा व्यायाम करू नका, तसं करत राहिल्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची शक्यता असते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांची लघवी काही काळ सुटते आणि बहुतेकांची पुढच्या महिन्यांत बरीच कमी होते. त्यांनाही हे व्यायाम शिकवले जातात.

त्याच मार्गदर्शिकेत डायपर-पॅडबद्दलही लिहिलं आहे आणि ते मेसेजवाल्यांच्या अर्ध्या बाजूचं आहे. हा इलाज नव्हे, असं ती स्पष्ट सांगते. उपचार सुरू होईपर्यंत, उपचारांच्या जोडीने, किंवा बाकीचे पर्याय तपासून झाल्यावर कायमसाठी, एवढ्याच तीन ठिकाणी तो द्यावा, आणि कायम वापरणाऱ्यांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी. मला हे पूर्ण मान्य आहे. डायपर आणला म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका. पण डॉक्टरांकडे जाईपर्यंत घरात कोंडून घ्या, हेही त्यात कुठे नाही.

आता दुकान. पूर्ण मेसेज पुन्हा वाचला की लक्षात येतं, त्यातला जवळजवळ प्रत्येक उपाय एकाच गोष्टीसाठी आहे : दुकानदारासमोर ते एक वाक्य बोलावं लागू नये. पाणी सोडा, घडी लावा, पाळीचा पॅड वापरा. ही लाज खोटी नाही, तिची मी चेष्टा करणार नाही. लहानपणापासून ‘आता मोठी झालीस ना’ म्हणत ज्या गोष्टीची लाज आपल्यात रुजवली, ती पन्नाशीनंतर एका दिवसात उपटून फेका असं सांगणं निर्दयपणाचं आहे. पण त्या लाजेची किंमत काय पडते ते तरी नीट बघा.

लाजणारा माणूस दुकानात गेलाच तर बहुधा सांगतो, ‘घरी आजोबा झोपून आहेत, त्यांच्यासाठी.’ दुकानदार मग दोन्ही बाजूंना टेप असलेला, झोपलेल्या माणसाला दुसऱ्याने लावायचा, रात्रभर पुरेल असा जाड डायपर हातात देतो. त्याने बरोबर वस्तूच दिली, फक्त माणूस चुकीचा सांगितला होता. खोकताना चार थेंब जाणाऱ्या बाईला लागतो तो आतल्या कपड्याला चिकटणारा पातळ पॅड. चालत्याफिरत्या माणसाला बरा पडतो तो चड्डीसारखा वर ओढायचा, शौचालयात स्वतः खाली करता येणारा डायपर. थेंबथेंब गळणाऱ्या पुरुषासाठी पुढच्या बाजूला बसणारा खोलगट पॅड (गार्ड) मिळतो. खोट्या आजोबांच्या नावाने आणलेला जाड डायपर ती बाई एकदा घालते, तो बोचतो, जाणवतो, आणि ‘मेसेजमध्ये खरंच लिहिलं होतं’ म्हणून ती पुन्हा पाणी सोडते.

मापाचंही तसंच होतं. घाईने ‘कुठलाही द्या’ म्हटलं की सैल डायपर मिळतो, तो मांडीच्या कडेने गळतो आणि दोष वस्तूला लागतो. घरी मोजपट्टीने कंबर आणि नितंब मोजा, दोन्हींतला मोठा आकडा धरा आणि पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवा. अक्षरावर जाऊ नका, एका कंपनीचं मिडियम दुसऱ्या कंपनीच्या मिडियमइतकंच असेल असं नाही.

बोलायचं वाक्य घरूनच ठरवून न्या. ‘मोठ्यांचे चड्डीसारखे डायपर, मिडियम, दिवसा वापरायला.’ प्रकार, माप, वेळ एवढंच विकणाऱ्याला हवं असतं, आणि तिन्ही आधीच सांगितलं की त्याला पुढे विचारायला काही उरत नाही. तरी ‘कुणासाठी?’ विचारलंच तर उत्तर देण्याची सक्ती नाही, माप पुन्हा सांगा. तोंडातून शब्द फुटत नसेल तर कागदावर लिहून द्या किंवा फोनवर फोटो दाखवा. त्यात काही कमीपणा नाही. गर्दी नसलेली वेळ गाठा. जिथून नेहमी औषधं घेता तिथे गेलात तर आणखी सोपं, मूळव्याधीचं मलम आणि जंताचं औषध देणाऱ्या माणसाला तुमचा पॅड नवा नाही. पहिल्या वेळी लहान पाकीट घ्या, जमलं तर दोन प्रकारची. ओळखीचं कुणी मागे उभं असेल ही भीती बहुतेकांना असते. पण हातातलं पाकीट तुम्ही आईसाठी नेताय, शस्त्रक्रिया झालेल्या नवऱ्यासाठी की स्वतःसाठी, हे त्यावर लिहिलेलं नसतं.

घरपोच मागवा, असं कुणी सुचवेल. अवश्य मागवा, एकदा प्रकार आणि माप ठरलं की तेच सोयीचं आहे. पहिल्यांदा मात्र विचारता येईल अशा ठिकाणाहून घेतलेलं बरं. आणि आईवडिलांसाठी आणणाऱ्यांनी त्यांना विचारून आणावं. न विचारता पलंगावर पाकीट ठेवून देण्याने त्यांची लाज दुप्पट होते.

पाळीचा पॅड लावा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की तो हळूहळू येणाऱ्या रक्तासाठी बनवलेला असतो. लघवी एका झटक्यात आणि बरीच येते. तिच्यासाठीच्या पॅडमध्ये सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेटचे दाणे भरपूर असतात, ते द्रव ओढून त्याची जेली करतात आणि वरचा थर बराच कोरडा राहतो. कापडाच्या घडीत ओल तशीच त्वचेला लागून राहते. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते. साचलेल्या लघवीतल्या युरियाचा अमोनिया झाला की ते संतुलन बिघडतं, जांघा लाल होतात, सोलवटतात. शोषक थर शिवलेल्या, धुऊन वापरायच्या चड्ड्या मिळतात, त्या वेगळ्या. जुन्या साडीची घडी म्हणजे ते नव्हे.

वास आणि दिसणं यावर फार लिहायला नको. वास येतो तो वेळेवर न बदलल्याने, आणि योग्य मापाचा पॅड नेहमीच्या कपड्यांखाली सहसा कळत नाही.

‘अंथरुणाला खिळलेल्यांची वस्तू’ म्हणणाऱ्यांना अंतराळवीरांकडे बघायला सांगेन. 5 मे 1961 रोजी अमेरिकेचे अ‍ॅलन शेपर्ड पंधरा मिनिटांच्या उड्डाणासाठी यानात बसले. उड्डाणाची वेळ पुढे ढकलली जात राहिली आणि लघवीची काहीच सोय नसल्याने त्यांना अंतराळपोशाखातच लघवी करावी लागली. पुढे नासाचे अंतराळवीर यानाबाहेर सहा-सात तास काम करताना पोशाखाच्या आत शोषक डायपर घालू लागले. निवडून निवडून घेतलेली ती धडधाकट माणसं आहेत. शौचालयापर्यंत वेळेत पोचता येणार नाही म्हणून ती तो घालतात, तुमचं कारणही तेवढंच आहे.

काही लक्षणं दिसली मात्र, तर डायपर आणून थांबू नका. लघवीत रक्त. लघवी करताना जळजळ किंवा ताप. पोट फुगलेलं, पण लघवी होत नाही, नुसतीच थेंबथेंब गळते. आणि पाठदुखीबरोबर पायांत अचानक आलेला अशक्तपणा, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा, त्यासोबत लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं. लघवी अडली असेल किंवा पाठदुखीबरोबरची ही लक्षणं असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.