गोंद चांगला, पण पुसणार कोण?

इमारतीच्या काचा बोल्टऐवजी सिलिकॉननं फ्रेमला चिकटवण्यावरच्या लेखात म्हटलंय की बोल्टसाठी काचेला भोक पाडलं की ताण तिथंच एकवटतो, चिकटवलेल्या जोडात तो सगळ्या कडेवर पसरतो. बरोबर आहे. डेट्रॉइटला 1971 मध्येच चारही कडा सिलिकॉननं धरलेली काचेची इमारत उभी राहिली. पण आमच्या कोल्हापुरात घोडं अडतं ते चिकटवण्याआधी काच-धातू पुसण्यापाशी.

वाऱ्यासाठी सिलिकॉनवर साधारण 0.14 मेगापास्कल (140 किलोपास्कल) एवढाच ताण येऊ द्यायचा, असा हिशेब करतात. 1.2 मीटर रुंद काच, दीड किलोपास्कल वारा, म्हणजे कडेला साडेसहा मिलिमीटर रुंदीची सिलिकॉनची पट्टी पुरते. कागदावर नाद खुळा! काचेच्या कायमच्या वजनाला मात्र या ताणाचा विसावा हिस्साच धरायचा, म्हणून काचेखाली टेकू हवाच.

गेल्या पावसाळ्यात राजारामपुरीतल्या एका साईटवर ठेकेदाराचा पोरगा ओल्या ॲल्युमिनियमवर थेट ट्यूब मारत होता. वास व्हिनेगरचा. म्हणजे बाथरूमचं ॲसिटिक सिलिकॉन, इमारतीच्या काचा धरायचं नव्हे, राव! आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याची तरी काय चूक?

शक्यतो काच फ्रेमला वर्कशॉपमध्येच चिकटवून आणा. धातूवर सिलिकॉनची नमुन्याची पट्टी लावून, वाळल्यावर ओढून बघा: सिलिकॉन मधनं फाटलं तर ठीक, धातूवरून सोलून आलं तर काम थांबवा.