बॉस्टन जिंकणारा चाकरमानी

गणपतीला गावी आलो होतो तेव्हा, आमच्या गुहागर तालुक्यातल्या घराच्या ओटीवर, आरती आटोपल्यावर भाच्याच्या धावण्यावरून बराच वेळ वाद झाला. पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी हा मुलगा धावू लागला आणि आता पहाटे पंधरा किलोमीटर पळून येतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, भरती होऊ दे, म्हणजे हे आपोआप सुटेल. दुसऱ्याचे असे की, त्याने नोकरीचा नाद सोडून पुण्याला राहावे आणि दिवसभर सरावच करावा. नोकरी लागली की धावणे संपते, हे मात्र दोघांनीही गृहीतच धरले होते. मी नोकरीनिमित्त जपानच्या सायतामा प्रांतात राहतो आणि तिथे राहिल्यामुळेच मला हे पटत नाही.

मॅरेथॉनपटू युकी कावाउची याच सायतामाचा. जपानमध्ये कंपन्यांचे संघ असतात. ते धावपटूला पगार देतात, प्रशिक्षक देतात आणि सरावाला वेळही देतात. कावाउची त्या वाटेने गेला नाही. तो प्रांत सरकारच्या सेवेत लागला आणि शाळेच्या कचेरीत काम करू लागला. त्याचे काम दुपारी सुरू होऊन रात्री संपे, म्हणून सकाळ त्याची स्वतःची असे. २०११ च्या टोकियो मॅरेथॉनमध्ये तो २ तास ८ मिनिटे ३७ सेकंदांत तिसरा आला, तेव्हा कंपन्यांच्या संघांतला एकही जपानी धावपटू त्याच्या पुढे नव्हता. सरावाला जोडीदार नसल्याने स्पर्धेलाच त्याने सराव मानले आणि वर्षाकाठी दहा-बारा मॅरेथॉन धावू लागला, जे अनेक जाणकारांना शरीराची नासाडी वाटे. १६ एप्रिल २०१८ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये थंडगार पाऊस झोडपत होता, वारा समोरून होता आणि नामांकित धावपटू वाटेतच शर्यत सोडत होते. त्या दिवशी त्याने तेव्हाचा जगज्जेता जेफ्री किरुई याला शेवटच्या टप्प्यात मागे टाकले आणि २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत शर्यत जिंकली. १९८७ नंतर बॉस्टन जिंकणारा तो पहिला जपानी पुरुष ठरला, आणि तोवर त्याची सरकारी नोकरी चालूच होती. ती त्याने २०१९ मध्ये सोडली. अशा माणसाला आपण कोकणात चाकरमानीच म्हणू.

अर्थात शाळेची कचेरी आणि पोलिसाची ड्युटी यांत फार अंतर आहे. शिमगा असो वा गणपती, सारा गाव मोकळा असतो तेव्हा शिपाई बंदोबस्तावर उभा असतो. त्यामुळे पुण्याला धाडा म्हणणाऱ्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. पण आंब्याच्या दहा-वीस कलमांवर चालणाऱ्या घरातल्या मुलाने पगाराविना पाचसात वर्षे काढायची आणि चोविसाव्या वर्षी पायाची शीर दुखावली तर रिकाम्या हाताने परतायचे, हा सल्ला मी माझ्या बहिणीच्या मुलाला देणार नाही. आपले मॅरेथॉनपटू शिवनाथ सिंगही लष्करातच घडले. माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते अकरावे आले आणि १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांचा जो राष्ट्रीय विक्रम त्यांनी केला, तो चार दशकांहून अधिक काळ कोणाला मोडता आला नाही.

आपल्याकडे खरी उणीव आहे ती शर्यतींची. इथे सायतामात आराकावा नदीच्या काठाने अंतराचे दगड आहेत आणि थंडीच्या दिवसांत जवळपास कुठे ना कुठे रविवारची शर्यत असते. आमच्याकडे वर्षातून एखादी होते, तीही अंतर नीट न मोजता, आणि त्यातला निम्मा खर्च मांडव, हार आणि सत्कारावर जातो. तो पैसा तालुक्यात दर महिन्याला मोजलेल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीवर खर्च व्हावा, आणि धावणाऱ्या शिपायाला ठरलेल्या वेळेची नेमणूक मिळावी, एवढेच मागणे मला रास्त वाटते.

परवा फोनवर भाच्याने विचारले, "मामा, भरती झाल्यावर त्या जपानी माणसासारखी मला सकाळची सुट्टी मिळेल का हो?" मला उत्तर देता आले नाही. मग त्यानेच सांगितले की, देवळापासून खाडीच्या पुलापर्यंतचा रस्ता त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सायकलच्या चाकाच्या फेऱ्या मोजून आखला आहे, दर किलोमीटरला जांभ्याच्या गडग्यावर चुन्याची रेघ ओढली आहे, आणि येत्या रविवारी सहा वाजता नऊ जण धावणार आहेत.