सकाळचं कॉर्टिसॉल नॉर्मल, मग लेख खोटा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनची दिवसभराची लय बिघडते आणि ज्यांची बिघडते त्यांचं आयुष्य घटलेलं दिसतं. त्यावर कोथरूडहून आलेली तुमची प्रतिक्रिया रागाची आहे आणि तो राग मला पटतो. तुम्ही लिहिलंय: सासूबाईंचा स्तनाचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलाय, लॅबवाला घरी येऊन सकाळी नऊला रक्त घेऊन गेला, कॉर्टिसॉल १४ आलं, म्हणजे नॉर्मल, मग ‘कॉर्टिसॉलची लय बिघडते’ हे कशावरून? आणि टेन्शनने आयुष्य घटतं असं लिहून आजारी बाईच्याच माथी खापर का फोडता? शेवटी विचारलंय की लाळेतून कॉर्टिसॉल मोजायचं किट मागवलंय, आणि केमोबरोबरच्या डेक्साने (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड) लय बिघडत असेल तर ती बंद करू का?

शेवटचं आधी. डेक्सा स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. ती उलटी थांबवण्यासाठी आणि काही औषधांची रिअ‍ॅक्शन टाळण्यासाठी दिलेली असते. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं जवळपास थांबवतात. गोळी एकदम तोडली की बीपी पडतं, सोडियम उतरतं, माणूस अंथरुणाला खिळतो. डॉक्टरांना फक्त वेळ विचारा. दिवसातून दोनदा असेल तर सकाळी नाश्त्यानंतर आणि दुपारी दोनच्या आत चालेल का? रात्री आठला घेतलेली डेक्सा झोप घालवते आणि घरचे समजतात की त्या काळजीने जाग्या आहेत.

आता तो १४चा आकडा. कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं आणि मध्यरात्रीपर्यंत उतरत राहतं. प्रश्न या उताराचा आहे, एका बिंदूचा नाही. समजा दोघींची लाळ सकाळी आठला तपासली आणि दोघींचं ८ आलं. रात्री नऊला एकीचं २, दुसरीचं ६. सकाळच्या रिपोर्टवर दोघी सारख्याच. शिवाय पाचला उठणाऱ्या बाईचं नऊचं रक्त हे जागं झाल्यानंतर चार तासांचं असतं, आठला उठणारीचं एकाच तासाचं. लॅबच्या कागदावर जाग येण्याची वेळ नसते. सकाळच्या रक्ताची ती चाचणी ग्रंथी काम करते का हे बघायला चांगली आहे. लय तिच्यात दिसतच नाही.

मी ज्या अभ्यासाबद्दल लिहिलं तो स्टॅनफर्डचा, २०००चा. पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या १०४ बायका, तीन दिवस, दिवसातून अनेकदा घेतलेली लाळ. ज्यांचा उतार सपाट होता त्या लवकर गेल्या, आणि त्यांच्या नॅचरल किलर पेशीही (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) कमी होत्या. पण यातून ‘टेन्शनने मारलं’ असं निघत नाही, हे मी लेखात ठळक लिहायला हवं होतं. तुमचा आक्षेप तिथे बरोबर आहे. गाठीभोवतीची सूज स्वतःच मेंदूला कॉर्टिसॉल वाढवायचा निरोप देते. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या रक्तात आयएल-६ (सुजेचा निरोप नेणारं प्रथिन) जास्त, त्यांचं संध्याकाळचं कॉर्टिसॉलही जास्त आढळलंय. दुखणं, तुटलेली झोप, औषधं हे सगळं उतार सपाट करतं. म्हणजे आजार लयीला ढकलतो. लय आजाराला किती ढकलते हे वेगळं सिद्ध करावं लागतं. १९८९ मध्ये ८६ बायकांच्या एका प्रयोगात आधारगटाला जाणाऱ्या जास्त जगल्या असं दिसलं होतं. २००१ मध्ये २३५ बायकांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. मनाचा त्रास आणि दुखणं मात्र कमी झालं. म्हणून सासूबाईंना ‘टेन्शन घेऊ नका, त्यानेच वाढतं’ असं कोणी भेटायला येऊन सांगत असेल, तर त्याला दारातच थांबवा.

किट वापरणारच असाल तर निदान नीट वापरा. केमोनंतरच्या डेक्साच्या दिवसांत मुळीच नको. डेक्सा शरीराचं कॉर्टिसॉल दाबते आणि तिचा परिणाम गोळीनंतर दीड-दोन दिवस तरी राहतो. पुढच्या केमोच्या आधीचे दिवस बरे, तेही डॉक्टरांना विचारून. प्रेडनिसोलोन चालू असेल तर काही चाचण्या त्यालाच कॉर्टिसॉल समजतात. त्वचेचं स्टेरॉइड मलम, दम्याचा पंप, सांध्यातलं इंजेक्शन, कोणी आणून दिलेली बिनलेबलची पुडी, सगळं लिहून ठेवा; अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे.

चहा इथे फार नडतो. दुधात गाईचं कॉर्टिसॉल असतं आणि लिंबूपाण्याच्या आंबटपणानेही आकडा चुकतो. म्हणून नमुन्याआधी अर्धा तास चहा, खाणं, दात घासणं काही नाही. कापसाची सुरळी मिनिट-दोन मिनिटं तोंडात फिरवायची. केमोने तोंड आलं असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, सुरळी गुलाबी दिसली, तर तो नमुना टाकून द्या. जाग आल्याआल्या, अर्ध्या तासाने, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. असं निदान दोन दिवस, प्रत्येक वेळ घड्याळात बघून लिहिलेली. पहिला नमुना पंधरा मिनिटं उशिरा झाला तरी सकाळचा चढ हातून निसटतो.

एवढं करूनही त्या आकड्यावरून उपचार बदलत नाहीत. तेवढे पैसे आणि श्रम रात्रीचं दुखणं आटोक्यात आणण्यात घाला. पहाटेची वेदनाशामक गोळी उशिरा पडतेय का, रात्री खोलीतला दिवा चालू राहतोय का, सकाळी दहा मिनिटं बाल्कनीच्या उन्हात बसवता येतंय का, हे बघा.

एक गोष्ट वेगळी. त्यांना इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारी औषधं) चालू असेल आणि एकाएकी ग्लानी, उलट्या, उठल्यावर चक्कर सुरू झाली, तर सकाळचं साधं रक्तातलं कॉर्टिसॉल त्याच दिवशी करून घ्यायला सांगा. तिथे ग्रंथी बंद पडलीय का हे सांगणारा तो एकच आकडा खरोखर जीव वाचवतो.